आठवड्याचं जेवण बाजारात नाही, पेरणीत ठरतं

आज पिकावर नाही, ताटावर लिहितोय. वाचून झालं की कळेल, गोष्ट एकच आहे.

कमी पैशात घराचं आठवड्याचं जेवण कसं बसवायचं, यावरचे सल्ले बहुतेक पिशवी घेऊन बाजारात गेल्यावर सुरू होतात. यादी करा, भाव करा, स्वस्त भाजी उचला. आमच्या मणिबेलीला हे लागू पडत नाही. मोलगीचा बाजार करायचा म्हणजे दिवस मोडतो, भाडं जातं, मजुरी बुडते. माझं मत सरळ आहे : शेतकऱ्याचं रातचं जेवण जूनमध्ये पेरणीला ठरतं, आणि माल घरात आल्यावर पहिल्या विक्रीत बिघडतं.

आधी रेशनचं बघू. प्राधान्य कुटुंबाला माणशी महिन्याला ५ किलो धान्य मिळतं, अंत्योदयला घरटी ३५ किलो. २०२३ पासून ते फुकट आहे. चांगलंच आहे, नावं ठेवत नाही. पण सहा माणसांच्या घराला ३० किलो म्हणजे माणशी दिवसाला साधारण १६५ ग्रॅम. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनं २०२४ साली जो आहार सांगितला, त्यात २००० कॅलरीला धान्य २५० ग्रॅम आणि डाळ-अंडी-मासे मिळून ८५ ग्रॅम आहे. म्हणजे धान्याचा दोन-तृतीयांश भाग रेशननं आला, राहिलेला घरची ज्वारी-मका भरून काढते. डाळीचं काय? रेशननं पोट भरतं, ताट भरत नाही.

आता डाळीचा हिशोब करा. सहा माणसं, रोज ८५ ग्रॅम, म्हणजे दिवसाला अर्धा किलो. आठवड्यातले दोन दिवस मासे किंवा अंडी धरली, तर पाच दिवसांची डाळ अडीच किलो. वर्षाला सव्वा ते १.३ क्विंटल. डाळ करताना टरफल, चुरी जाते, म्हणून अख्खी तूर-उडीद पावणेदोन क्विंटल ठेवावी लागते. घुगऱ्या आणि अख्खे उडीद शिजवले तर दीडमध्ये भागतं.

हा आकडा भिंतीवर लिहून ठेवा. कारण आपण काय करतो? उडीद आला की विकतो, तूर आली की विकतो, दुकानदाराची उधारी फेडतो. मग आषाढात त्याच दुकानातून पावशेर-पावशेर डाळ आणतो. २०२५-२६ ला तुरीचा हमीभाव क्विंटलला ८,००० आणि उडदाचा ७,८०० आहे. गावात येऊन घेणारा व्यापारी तेवढा देत नाही, हे तुम्हाला माहीतच आहे. तरी पूर्ण हमीभाव मिळाला असं धरा. एक किलो डाळीला अंदाजे १ किलो ४०० ग्रॅम तूर लागते, म्हणजे ११२ रुपयांची. घरच्या जात्यावर भरडली तर डाळ तेवढ्यातच पडते. वरून दुकानदाराचा नफा, वाहतूक आणि बाजाराचं भाडं वाचतं. त्यामुळे घरचा वाटा आधी कणगीत, उरलेलं बाजारात. उधारी फेडायचीच आहे, पण ती पोरांच्या ताटातून फेडू नये.

भुंगा लागतो म्हणून विकतो, असं बरेच जण सांगतात. खरं आहे. त्याला उपाय म्हातारी माणसं करत आलीच आहेत : कडक ऊन द्यायचं, चुलीची चाळलेली राख मिसळायची, कडुनिंबाचा सुका पाला घालायचा, कणगी शेणानं लिंपून तोंड बंद करायचं. निम्म्या तुरीची डाळ लगेच करून ठेवली तर भुंगा कमी लागतो.

आमच्या घरी रातचं जेवण असं बसवलंय. दिवसा सगळे पांगलेले असतात, एकत्र बसणं रातीच होतं.

१. बाजाराचा दिवस : ज्वारीची भाकर, ताजी भाजी, शेंगदाण्याची चटणी.
२. उडदाची आमटी, मक्याची भाकर.
३. भगर आणि तुरीची आमटी, आंबटाला घरचा आमचूर.
४. मासे. मोठा मासा विकायला, बारीक घरात. धरणात मिळाला नाही तर सुकवलेला.
५. चवळी किंवा वाल, ज्वारीची भाकर.
६. रेशनचा भात, डाळ, रानभाजी. पावसाळ्यात तरोटा, कुरडू. पुढं अंबाडी, शेवग्याचा पाला.
७. कोंबडीची अंडी, नाहीतर तुरीच्या घुगऱ्या.

यात विकत काय घ्यावं लागतं? तेल, मीठ, हळद, कांदा, लसूण, एखादी भाजी. मिरची दारात लावली तर तीही नाही. ही यादी कुठल्या पुस्तकातली नाही, डोंगरात पूर्वापार जे पिकतं तेच वारांना वाटून घेतलंय. वार ठरला की आठवड्याला काय किती काढायचं ते कळतं, आणि कणगी किती महिने पुरेल तेही.

आता कृषी अधिकारी आणि शास्त्रज्ञ मंडळींसाठी. तुम्ही आम्हाला एकरी क्विंटल विचारता. एकरी किती दिवसांचं जेवण, हेही विचारा. आमच्या उतारावर ज्वारी, मका, मोर, उडीद, तूर, चवळी, अंबाडी एकाच वावरात असते. कागदावर ते मागासलेलं दिसतं. पण एक पीक पावसानं गेलं तरी दुसरं ताटात येतं. त्याच वावरात नुसतं सोयाबीन लावलं तर पैसा एकदाच दिसतो, आणि सोयाबीन आमच्या चुलीवर शिजत नाही. नगदी पीक लावू नका असं मी म्हणत नाही. आधी घराच्या डाळीपुरतं रान बाजूला काढा, मग उरलेल्यात हवं ते लावा.

दुसरं, मोर. २०२३ साली भरडधान्याचं आंतरराष्ट्रीय वर्ष साजरं झालं. आमची भगर शहरात उपवासाला जाते, आणि आमच्याच घरात ती कमी होत चाललीय. कारण कांडायचं कष्ट बाईच्या हातावर. दिवसभर वावरात, संध्याकाळी मुसळ, कोण कांडणार? पाड्यावर टरफल काढायचं एक छोटं यंत्र आलं तर दहा शिबिरांपेक्षा जास्त भगर ताटात येईल.

काही म्हणतील, जमीनच नाही तर पेरू काय? हा प्रश्न मणिबेलीला कोणी शिकवायची गरज नाही. सरदार सरोवरात महाराष्ट्रातलं पहिलं बुडणारं गाव आमचं. काठची गाळाची काळी जमीन पाण्याखाली गेली. कोणी गुजरातेत वसले, कोणी तळोद्याकडं, जे राहिले ते उतारावर कसतात. म्हणून तर सांगतो : रान कमी उरलं की चुकीच्या पिकाला जागा राहत नाही. आणि ज्यांच्याकडं रानच नाही, त्यांच्यासाठी रेशनवर गव्हा-तांदळाबरोबर डाळ द्यावी, ही मागणी आपण सगळ्यांनी मिळून ग्रामसभेत लावून धरली पाहिजे.

शेवटचं, घरातल्या कर्त्या पुरुषांना. हिशोब सहा ताटांचा केलाय, पाचांचा नाही. शेवटी जेवणाऱ्या बाईला तळातली आमटी उरते. ती गरोदर असेल, अंगावर पाजत असेल, तर सगळ्यात आधी डाळ तिच्या ताटात पडली पाहिजे. त्याला पैसा लागत नाही.

यंदा तूर विकायच्या आधी घरातली माणसं मोजा. तुमच्याकडं किती ठेवता आणि कोणत्या महिन्यात संपते, ते लिहून कळवा.