लुंबिनीला जाताना

सोयाबीनची काढणी आटोपून हाती चार पैसे आले की हिंगोली, वसमत, कळमनुरी, सेनगावकडून धम्मसहलींची बोलणी सुरू होतात. बुद्धगया, सारनाथ, कुशीनगर ठरते, पण लुंबिनीचे नाव निघाले की घरातले कोणीतरी म्हणते, "तो परदेश आहे, पासपोर्ट लागेल, राहू द्या." मग खुरपणीच्या मजुरीतून वर्षभर पैसे बाजूला टाकणारी आजी तथागतांचे जन्मस्थान न पाहताच परत येते.

हे आम्हाला पटत नाही. लुंबिनी नेपाळात आहे हे खरे. पण भारतीयांना तेथे व्हिसा लागत नाही आणि रस्त्याने गेल्यास पासपोर्टवाचूनही अडत नाही. भारतीय असल्याचा फोटोसह सरकारी पुरावा मात्र हवा. मतदार ओळखपत्र मूळचे जवळ ठेवावे, झेरॉक्स नको. नुसत्या आधारवर विसंबू नये. घरातील बायांच्या कार्डावर नावाचा घोळ असतो, तो तिकिटे काढण्याआधीच दुरुस्त करून घ्यावा.

हिंगोलीहून अकोलामार्गे भुसावळ गाठले की गोरखपूरच्या गाड्या मिळतात. गोरखपूरहून सोनौलीची सीमा सुमारे 100 किलोमीटर. पलीकडे भैरहवा, आणि तेथून लुंबिनी पंचवीसेक किलोमीटर. गावाकडूनच बस केली असेल तर सीमेवर गाडीचा परवाना व जकात भरावी लागते, तिला तिकडे 'भन्सार' म्हणतात. हा खर्च कोणाचा, हे बसवाल्याकडून निघण्यापूर्वीच लिहून घ्यावे. आपल्या 100 रुपयांचे नेपाळी 160 होतात. दलालाने कमी सांगितले तर पुढे चालावे. मोठ्या नोटांवर नेपाळने 2018 साली बंदी घातली होती व असे नियम बदलत असतात, म्हणून शंभराच्याच नोटा न्याव्यात.

जेवणात भाकरी मिळणार नाही. डाळ, भात, तरकारी मिळते. पण पुष्कळ ठिकाणी मोहरीचे तेल असते, ते आपल्या पोटाला एकदम मानवत नाही. पहिल्या दोन दिवसांना दशम्या-धपाटे, पुढे शेंगदाण्याची व जवसाची चटणी, फुटाणे, मुरमुरे. तिकडचा 'चिउरा' म्हणजे आपले पोहेच. दह्याबरोबर म्हाताऱ्या माणसांना बरा पडतो. बीपी-साखरेच्या गोळ्या मोजून न्याव्यात.

मायादेवी मंदिरात चपला बाहेर काढाव्या लागतात आणि आत फोटो काढू देत नाहीत. थंडीत फरशी गार पडते, म्हणून मोजे ठेवावेत. आतील जुन्या विटांवर उदबत्ती, नाणी, हळद-कुंकू काही टाकू नये. सामुदायिक वंदना बाहेर पुष्करिणीजवळच्या बोधिवृक्षाखाली घ्यावी. जवळच सम्राट अशोकाचा स्तंभ आहे. बुद्ध येथे जन्मले म्हणून गावाचा कर कमी केल्याचे त्यावर कोरले आहे. मुलांना ते अवश्य सांगावे.

पूर्वेकडील भागात थायलंड, म्यानमार, श्रीलंकेची विहारे आहेत. तेथे आपले त्रिशरण-पंचशील चालते. उच्चार निराळे वाटतील, शब्द तेच. भिक्खूंना भोजनदान द्यायचे तर दुपारी बाराच्या आत.

एक गोष्ट मात्र बायांना आधीच सांगून ठेवावी. थाई भिक्खू स्त्रीच्या हातून थेट काही घेत नाहीत; समोर कापड पसरतात, त्यावर दान ठेवायचे. ज्यांच्या आज्यांनी ओंजळीत वरून ओतलेले पाणी प्यायले, त्यांच्या काळजाला हे झोंबते. ते साहजिक आहे. पण हा विटाळ नव्हे. तिकडच्या राजघराण्यातील स्त्रियांनाही तीच रीत, भिक्खूच्या सख्ख्या आईलाही तीच. रीत आम्हाला फार आवडते असे नाही. पण तिच्यात जात नाही, हे निश्चित. त्या आजीचे दान तेथे मान झुकवून स्वीकारले जाते.

बाबासाहेब नोव्हेंबर 1956 मध्ये प्रकृती ढासळलेली असताना जागतिक बौद्ध परिषदेसाठी काठमांडूला गेले होते. आपण तर धडधाकट आहोत. सहल ठरवताना लुंबिनीत एक मुक्काम मागून घ्या. पुष्कळ बसवाले तासाभरात आटोपून सीमेवरच्या बाजाराकडे वळतात. काही विहारांत उतरण्याची सोय होते, आधी विचारावे. आपला मोबाईल तिकडे रोमिंगशिवाय लागत नाही, म्हणून चुकल्यास कोठे भेटायचे ते सर्वांना सांगून ठेवावे. नेपाळचे घड्याळ आपल्यापेक्षा 15 मिनिटे पुढे असते. बस सुटण्याची वेळ कोणत्या घड्याळाची, तेही विचारून घ्यावे.