चव बॅगेतून किती दिवस नेणार?

मुंबईतलं दिंडोशी हे बाहेरून येऊन राहिलेल्या माणसांचं ठिकाण आहे. डोंगराच्या कुशीतल्या जुन्या वस्तीभोवती गेल्या पन्नासेक वर्षांत रत्नागिरी-सिंधुदुर्गातून, घाटावरून आणि गिरणगावातून माणसं येत गेली. समाजवादी नेत्या मृणाल गोरे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी झगडून मिळवलेल्या नागरी निवाराच्या वसाहतीत हजारो कुटुंबांना हक्काचं घर मिळालं. कुरारच्या आणि संतोषनगरच्या उतारांवर दाटीवाटीने घरं उभी राहिली. यातल्या कोकणी घरांना आज गावच्या जेवणासाठी गावाला जावं लागत नाही. कुळथाचं पीठ, सोलं, आगळ, तिरफळं, उकडा तांदूळ, सुकट, सोडे हे सगळं चालत जाण्याच्या अंतरावर मिळतं. उन्हाळा आला की बेडगी आणि संकेश्वरी मिरच्या गच्चीवर वाळतात आणि डंकावर कुटून वर्षाचा मसाला घरी येतो. ही सोय केवळ गावच्या ओढीतून झालेली नाही. आधी एसटीच्या टपावरून बोचकी आली, मग कुणीतरी शेजाऱ्यांसाठी चार किलो जास्तीचं मागवलं, मग त्याचं दुकान झालं. परक्या ठिकाणी घरची चव टिकते ती तिचा व्यापार करणारं कुणीतरी तिथे असतं म्हणून. परदेशातल्या मराठी माणसाच्या जेवणाबद्दल बोलताना आपण नेमकी हीच गोष्ट विसरतो.

मुंबईच्या इतिहासात याचा भक्कम पुरावा आहे. गिरण्यांत कामाला आलेले हजारो पुरुष बायकामुलांना गावी ठेवून खोल्यांतून दाटीवाटीने राहत. त्यांना भाकरी, कालवण, भात वेळेवर मिळाला तो खानावळ चालवणाऱ्या बायकांमुळे. एकेक बाई आपल्या दहा बाय दहाच्या खोलीत पाळीप्रमाणे दहा-वीस माणसांना जेवायला घालायची. त्यासाठी लागणारं सामान वाण्याकडून उधारीवर, नाहीतर सावकाराच्या जबर व्याजाच्या पैशातून यायचं. १९७५ साली प्रेमा पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ उभारून या बायकांना बँकेचं कर्ज मिळवून दिलं, तेव्हा त्यांचं काम हा उद्योग आहे हे पहिल्यांदा कागदावर मान्य झालं. त्याच्याही आधी, १९५९ साली, गिरगावात सात बायकांनी ऐंशी रुपये उसने घेऊन पापड लाटायला सुरुवात केली. त्या लिज्जत पापडाची पाकिटं आज देशोदेशीच्या दुकानांत आहेत. मुंबईने परमुलखातली भूक भागवली ती अशी, हिशेबाची वही हातात धरून.

आता परदेशाकडे पाहू. १९६५च्या स्थलांतर कायद्याने अमेरिकेची दारं उघडली आणि आपल्याकडून डॉक्टर, इंजिनिअर, शास्त्रज्ञ गेले. पगारदार आणि पदवीधर असलेली ही माणसं आपापल्या क्षेत्रात नाव कमावणारी होती. त्यांनी मंडळं काढली, नाटकं बसवली, गणपती आणला. लंडनचं महाराष्ट्र मंडळ तर १९३२ सालचं आहे, आणि उत्तर अमेरिकेतल्या मंडळांना एकत्र आणणारं, अधिवेशनं भरवणारं बृहन्महाराष्ट्र मंडळ १९८१ सालचं. दुकान मात्र दुसऱ्यांनी टाकलं. मफतभाई पटेल आणि त्यांच्या भावाने १९७४ साली शिकागोच्या डेव्हॉन अव्हेन्यूवर किराणा मालाचं दुकान सुरू केलं. पटेल ब्रदर्सच्या शाखा आता अमेरिकाभर आहेत. भगवती अमीन यांनी न्यू जर्सीतल्या घरच्या स्वयंपाकघरात चिवडा-फरसाण करायला घेतलं, त्यातून १९७७ मध्ये डीप फूड्स उभी राहिली. ब्रिटनमध्ये केनियातून आलेल्या लक्ष्मीशंकर पाठकांनी पन्नासच्या दशकात समोसे आणि मिठाईपासून सुरुवात करून लोणच्यांचा आणि मसाल्यांचा मोठा धंदा केला. या माणसांबद्दल मला मनापासून आदर आहे. परदेशातल्या मराठी घरांत आज तूरडाळ शिजते, पोहे भिजतात, पोळीला कणीक मिळते, ती त्यांच्या कष्टांमुळे. पण दुकानदार आपल्या घरात जे खाल्लं जातं ते आधी मांडतो. म्हणून खाखरा, ढोकळ्याचं पीठ, उंधियूची गोठवलेली भाजी फळीवर सहज सापडते. गोडा मसाला एखाद्या कोपऱ्यात असतो. थालीपिठाची भाजणी, मेतकूट, कुळीथ, आगळ यांसाठी मात्र कुणी भारतातून येतंय का, याची वाट पाहावी लागते.

त्यामुळे मराठी चव अजूनही बॅगेतून प्रवास करते. आई भाजणी भाजते, मावशी मेतकूट देते, वजनकाट्यावर बॅग तीनदा चढते आणि तेवीस किलोंत एका संसाराची वर्षाची चव बसवायची असते. यातलं प्रेम कुणी नाकारणार नाही. पण ही वाट फार अरुंद आहे. धान्यात लपून येणाऱ्या खापरा किड्याच्या भीतीने अमेरिकेने २०११ पासून आपल्याकडच्या प्रवाशांना सामानातून तांदूळ आणायला बंदी केली आहे, म्हणजे आंबेमोहोराची पिशवी विमानतळावरच टाकावी लागते. संयुक्त अरब अमिरातीत खसखस हा बंदी असलेला पदार्थ आहे. अनारसे आणि करंज्या प्रेमाने बांधून देणाऱ्या घरांनी हे लक्षात ठेवायलाच हवं, कारण तिथे प्रकरण नुसत्या जप्तीवर थांबेलच असं नाही. आणि ऑगस्ट २०२५ मध्ये काय झालं ते आठवावं. अमेरिकेने छोट्या पार्सलांवरची आयातशुल्काची सवलत काढून घेतली, शुल्क गोळा कुणी करायचं याचा घोळ झाला आणि आपल्या टपाल खात्याला तिकडची पार्सलं घेणं थांबवावं लागलं. सेवा पुन्हा सुरू झाली ती ऑक्टोबरच्या मध्यावर, दिवाळी चार-पाच दिवसांवर आली तेव्हा. एका सरकारी आदेशाने फराळाची वाट बंद होते, इतका हा मार्ग कच्चा आहे. मोठ्या व्यापारालाही शुल्क चुकत नाही, पण त्याच्याकडे गोदाम असतं, आधी भरलेला माल असतो, नियम समजून घेणारा माणूस असतो. पोस्टाच्या रांगेत उभ्या असलेल्या आईकडे यातलं काहीच नसतं.

यावर पहिला आक्षेप असा येईल की खाणं टिकायला दुकान कशाला हवं, श्रद्धा पुरते. त्यासाठी बेने इस्रायलींचं उदाहरण देता येईल, आणि ते तोलामोलाचं आहे. अलिबाग-रेवदंड्याच्या किनाऱ्यावर शतकानुशतकं राहिलेले, मराठी बोलणारे हे ज्यू १९४८ नंतर मोठ्या संख्येने इस्रायलला गेले. दिमोना, रामला, लोद, अश्दोद अशा गावांत वसले. एलियाहू हन्नाबी या संदेष्ट्याच्या नावाने होणारा मलिदा त्यांनी तिथेही सोडला नाही: भिजवलेले पोहे, ओलं खोबरं, साखर, वेलची, वर सुकामेवा आणि फळं. रोश हशानाला, म्हणजे ज्यू नववर्षाला, गव्हाच्या चिकाचा नारळाच्या दुधातला हलवाही घरोघरी होतो. धर्माने मांसासोबत दूध वर्ज्य, म्हणून कोकणातच त्यांनी नारळाचं दूध आपलंसं केलं होतं. विधीला जोडलेला पदार्थ चिवट असतो, हे या उदाहरणाने सिद्धच होतं. पण मलिद्याला पोहे लागतात, आणि पोहे काही प्रार्थनेतून येत नाहीत. रामल्याला आणि दिमोनाला भारतीय किराण्याची दुकानं निघाली, तेव्हा मलिद्याच्या ताटाला आधार मिळाला. शिवाय विधी सणाचं जेवण राखतो. मंगळवारी रात्री काय रांधायचं, याची जबाबदारी कुठलाही धर्म घेत नाही. आमटी, उसळ, पिठलं, कुळथाची पिठी हे रोजचं जेवण आहे आणि रोजच्या जेवणाला रोज उघडणारं दुकान लागतं.

दुसरा आक्षेप चवीचा आहे. पाकिटातल्या भाजणीला घरच्या भाजणीची सर नाही, असं म्हणतात. खरं आहे, पण दिंडोशीतल्या किती घरांत आज भाजणी घरी भाजली जाते? बहुतेक घरी ती बचतगटाच्या बाईकडून, ओळखीच्या काकूंकडून, नाहीतर दुकानातून येते आणि थालीपीठ आवडीने खाल्लं जातं. आपल्याला इथे चालणारी गोष्ट तिकडच्या मुलांना का चालू नये? तिसरा आक्षेप याच्या जवळचा आहे: माणसाने ज्या देशात राहावं तिथलं खावं, गावच्या चवीचा हट्ट कशाला? तिथलं जरूर खावं. आपणही तेच केलं. बटाटा, मिरची, शेंगदाणा, साबुदाणा ज्याचा होतो ते कंदमूळ हे सगळं अमेरिका खंडातून आलं, आणि आज त्याशिवाय आपली एकादशी होत नाही. पण हे जिन्नस इथे आले ते जहाजांतून, व्यापारातूनच. जेवण बदलावं आणि फिरावं असं ज्यांना वाटतं, त्यांनी तर मराठी जिन्नस जगाच्या बाजारात जावेत म्हणून जास्त आग्रह धरायला हवा. कोकम मुळात सह्याद्रीच्या पश्चिम उतारावरचं झाड आहे, सिंधुदुर्ग आणि रत्नागिरीच्या कोकमाला भौगोलिक मानांकनही आहे. ते आपण पाठवलं नाही तर दुसरं कोण पाठवणार?

परदेशात मराठी माणसं थोडी, हा संख्येचा आक्षेप मात्र मला खरोखर वजनदार वाटतो. तेलुगू लोक अमेरिकेत इतके आहेत की सोना मसुरीच्या थप्प्या प्रत्येक भारतीय दुकानात लागतात. जुलै २०२३ मध्ये भारताने बिगरबासमती पांढऱ्या तांदळाची निर्यात थांबवली, तेव्हा त्या तांदळासाठी तिथे झुंबड उडाली. आंबेमोहोरासाठी अशी झुंबड उडणार नाही, हे मान्य. पण त्या थप्प्यांमागे नुसती माणसांची संख्या नाही, आंध्र-तेलंगणातल्या भातगिरण्या आणि निर्यातदार आहेत. आणि थोड्या भांडवलावर मराठी माणूस काय करू शकतो हेही दिसलं आहे. मंदीत अडचणीत आलेल्या सुजय सोहनी आणि सुबोध जोशी या मुंबईत एकत्र शिकलेल्या मित्रांनी २०१० साली लंडनच्या हाउन्स्लो भागात दुसऱ्याच्या कॅफेतली थोडी जागा भाड्याने घेऊन वडापाव विकायला सुरुवात केली. त्याचं श्रीकृष्ण वडापाव झालं, शाखा निघाल्या, आणि तिथे येणारं गिऱ्हाईक फक्त मराठी नाही. गिऱ्हाईक आधीपासून मोजून ठेवलेलं नसतं, पदार्थ समोर आला की ते तयार होतं.

अडचण पाठवणाऱ्या बाजूला आहे आणि ती दिंडोशीसारख्या ठिकाणी सोडवता येण्याजोगी आहे. इथे मसाला, भाजणी, लाडू, पापड करणाऱ्या बायकांची कमी नाही. कमी आहे ती परवान्याच्या माहितीची, पाकिटावर काय छापायचं याच्या ज्ञानाची आणि प्रयोगशाळेतल्या तपासणीची. ही तपासणी म्हणजे काही वरवरचा सोपस्कार नव्हे. एप्रिल २०२४ मध्ये हाँगकाँगने आणि सिंगापूरने नामांकित भारतीय कंपन्यांच्या काही मसाल्यांवर इथिलीन ऑक्साइड हे घातक रसायन सापडल्याच्या कारणाने कारवाई केली. जिथे बड्या कंपन्या अडकतात तिथे डंकावर मसाला कुटून आणणारी बाई एकटी टिकणार नाही. दहा-वीस बचतगटांनी मिळून एक नाव, एक तपासणी, एक निर्यातदार धरला तर टिकेल. लिज्जतने एकत्र येण्याचीच वाट धरली होती. महापालिकेने आणि राज्याच्या महिला आर्थिक विकास महामंडळाने या बायकांना प्रदर्शनातला चार दिवसांचा स्टॉल देण्यापेक्षा तपासणीचा खर्च उचलावा. परदेशातल्या मंडळांनी अधिवेशनाच्या जेवणावळीसाठी लागणारा मसाला आणि भाजणी आधी नोंदवून अशा गटांकडून घ्यावी, म्हणजे पहिला कंटेनर भरण्याची भीती जाईल. आणि ज्यांची मुलं-नातवंडं परदेशी आहेत त्या वाचकांना माझी विनंती आहे. या वेळी बॅग भरून जरूर पाठवा, पण सोबत मुलांना एवढं सांगा की तिथल्या दुकानदाराकडे भाजणी, मेतकूट आणि कोकम नाव घेऊन मागा, नाही म्हणाला तर पुढच्या आठवड्यात पुन्हा मागा, आणि शेजारच्या मराठी घरालाही मागायला लावा.