राजापूरची शिरगणती

एखाद्या गावाची लोकसंख्या घटली, की ते गाव मागे पडले असे समजण्याची आणि त्याला देण्याच्या गोष्टींवरही कात्री चालवण्याची आपल्या राज्यकर्त्यांना सवय जडली आहे. गाव का रिकामे झाले, त्यातली माणसे कोठे गेली आणि त्यांच्या जाण्याने कोणाची भरभराट झाली, हे प्रश्न जनगणनेच्या तक्त्यात बसत नाहीत. रत्नागिरी जिल्ह्यातील राजापूर हे याचे बोलके उदाहरण आहे. २००१ साली या छोट्या शहराची वस्ती साडेदहा हजारांच्या जवळ होती. २०११ मध्ये ती पावणेदहा हजारांवर आली. त्याच दशकात रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या १६,९६,७७७ वरून १६,१५,०६९ पर्यंत खाली आली आणि सिंधुदुर्गाचीही घटली.

राजापूर हे मुळात आडवळणाचे खेडे नव्हे. खाडीच्या मुखापासून बरेच आत वसलेले हे बंदर अणुस्कुरा घाटाने देशाशी जोडलेले होते. सतराव्या शतकाच्या मध्यास इंग्रजांनी येथे वखार घातली, ती येथील व्यापार पाहूनच. पन्हाळ्याच्या वेढ्यात सिद्दी जौहरला याच वखारवाल्यांनी तोफगोळ्यांची मदत केली आणि शिवाजी महाराजांनी १६६१ मध्ये राजापुरावर चालून जाऊन वखारीतील इंग्रजांना कैद केले. शाळेच्या पुस्तकात राजापूर येते ते एवढ्यापुरतेच. त्यानंतरची अडीचशे वर्षांची कहाणी मात्र कोणी सांगत नाही, कारण तीत लढाई नाही, हळूहळू होत गेलेला ऱ्हास आहे.

सह्याद्रीच्या उतारावरील झाडी तुटत गेली, पावसाबरोबर माती खाली आली आणि खाडी गाळाने भरली. एके काळी धक्क्याला लागणारी मोठी गलबते पुढे शहरापर्यंत येईनाशी झाली. इंग्रजी अमलात घाटावरचा व्यापार रेल्वेने मुंबईकडे वळवला आणि कोकणाला मात्र रेल्वे दिली नाही. १९०१ च्या गणनेत राजापूरची वस्ती पाच हजारांहून थोडीच अधिक होती. आज अर्जुना आणि कोदवली या नद्यांचे पाणी दर पावसाळ्यात बाजारपेठेत शिरते. ज्या गाळाने बंदर बुडवले, तोच आता दुकानेही बुडवीत आहे.

बंदर गेले, भाताच्या तुकड्यांवर कुटुंबे जगेनात, तेव्हा येथील तरुणांनी जैतापूर, मुसाकाजी येथून मुंबईची बोट धरली. गिरणगाव उभे राहिले त्यात रत्नागिरी जिल्ह्याच्या मनुष्यबळाचा वाटा फार मोठा होता. गिरणीमालकाला मजूर मिळाला. पण त्याला लहानाचा मोठा करण्याचा, आजारपणात सांभाळण्याचा आणि म्हातारपणी पोसण्याचा खर्च गावाने, मुख्यतः गावातील स्त्रियांनी, उचलला. मनिऑर्डरींवर कोकण जगले असे नेहमी सांगितले जाते. कोकणाच्या या न मोजलेल्या श्रमावर मुंबई स्वस्तात उभी राहिली, हेही तितक्याच मोठ्याने सांगितले पाहिजे. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या गिरणी संपानंतर अनेकांची नोकरी कायमची गेली. ती गेली तेव्हा सांभाळून घ्यायला पुन्हा गावच उरले होते.

या इतिहासाची खूण जनगणनेत आहे. ती वाचण्याची इच्छा मात्र हवी. २००१ मध्ये रत्नागिरी जिल्ह्यात दर हजार पुरुषांमागे ११३६ स्त्रिया होत्या, २०११ मध्ये ११२२. त्या वर्षी राज्याचे प्रमाण ९२९ होते. हा आकडा स्त्रियांच्या सुस्थितीची ग्वाही म्हणून मिरवण्यासारखा नाही. घरचा पुरुष परगावी आहे आणि घर, शेत, जनावरे व वृद्ध यांचा भार बाईच्या डोक्यावर आहे, एवढाच त्याचा अर्थ. गणपतीत आणि शिमग्यात गजबजणारी घरे फेब्रुवारीच्या शिरगणतीत कुलूपबंद सापडतात.

माणसे स्वेच्छेने जातात, शिक्षणासाठी व चांगल्या जीवनासाठी जातात, त्यात तक्रार कसली, असे कोणी विचारील. जाण्याचे स्वातंत्र्य आम्हालाही मान्य आहे. परंतु जेथे राहण्याचा पर्यायच उरत नाही, तेथे जाण्याला स्वेच्छा म्हणणे ही थट्टा आहे.

घटलेल्या संख्येची दुसरी शिक्षा राजकीय आहे. बॅ. नाथ पै आणि प्रा. मधु दंडवते यांनी लोकसभेत ज्याचे प्रतिनिधित्व केले, तो राजापूर मतदारसंघ २००८ च्या पुनर्रचनेत नाहीसा झाला. रत्नागिरी जिल्ह्याच्या विधानसभेच्या जागा सातांवरून पाचांवर आल्या आणि तेव्हाच्या ठाणे जिल्ह्याच्या तेरावरून चोवीस झाल्या. वाढलेल्या त्या वस्तीत कोकणातून गेलेली कितीतरी माणसे आहेत. पण त्यांच्या गावचा रस्ता, दवाखाना, पाणी यांसाठी भांडणारा प्रतिनिधी मात्र कमी झाला. ‘एक व्यक्ती, एक मत’ हे तत्त्व आम्हाला शिरोधार्य आहे. परंतु आधी माणसे जातील असे धोरण राबवायचे आणि मग माणसे नाहीत म्हणून आवाज काढून घ्यायचा, हा त्या तत्त्वाचा सन्मान नव्हे.

आणि तिसरी शिक्षा याहून गंभीर आहे. विरळ वस्तीचा प्रदेश म्हणजे मोकळी जागा, असा समज मोठ्या प्रकल्पांच्या आखणीत रुजला आहे. नाणारच्या तेलशुद्धीकरण प्रकल्पाची भूसंपादनाची अधिसूचना विरोधामुळे मार्च २०१९ मध्ये रद्द करावी लागली; पुढे याच तालुक्यातील बारसू-सोलगावचा परिसर पुढे आला. ज्याला ओसाड कातळ म्हटले जाते, त्या बारसूच्या सड्यावरील कातळशिल्पे २०२२ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत गेली. एप्रिल २०२३ मध्ये तेथे माती परीक्षण सुरू झाले, तेव्हा रणरणत्या उन्हात सड्यावर ठाण मांडून बसलेल्यांत स्त्रिया मोठ्या संख्येने होत्या. ज्यांच्यावर गाव टाकून पुरुष शहरात गेले, त्यांनीच गाव राखण्याचा हक्क सांगितला, यात नवल नाही.

जनगणनेसाठी सरकारने १ मार्च २०२७ हा संदर्भदिन जाहीर केला आहे आणि तिच्यामागोमाग मतदारसंघांच्या पुनर्रचनेचा प्रश्न उभा आहे. म्हणून काही मागण्या आताच केल्या पाहिजेत. स्थलांतराची माहिती गाववार व शहरवार, विनाविलंब प्रसिद्ध व्हावी. लहान नगरपरिषदांचे अनुदान केवळ डोकी मोजून न ठरवता, बाजार, शाळा व दवाखान्यासाठी त्या शहरावर किती वाड्या अवलंबून आहेत ते पाहून ठरावे. खाडीतील व नद्यांतील गाळ आणि डोंगरावरील झाडी हा एकच प्रश्न मानून काम व्हावे. राज्याने १९९० मध्ये रोजगार हमीला फळबागांची जोड दिली, तेव्हा कोकणच्या उतारावर आंबा-काजू उभे राहिले. माणसाला गावात राखणारे धोरण आखता येते, हे त्यातून सिद्ध झाले आहे.

२०२७ च्या तक्त्यात राजापूरचा आकडा कदाचित आणखी खाली गेलेला दिसेल. तो नियतीच्या नावे टाकून मोकळे होणे सोपे आहे. पण ती नियती नाही, दीडशे वर्षांच्या अर्थव्यवस्थेचा तो हिशेब आहे, आणि त्यात राजापूरचे येणे निघते.