धर्मशिक्षण शाळेचे की घराचे?

वसई तालुक्यात प्रवेशाचे दिवस आले की एकाच शाळेच्या दारात दोन तऱ्हांचे पालक उभे असतात. आपले मूल प्रार्थना आणि संस्कारांच्या सान्निध्यात वाढावे, ही कॅथॉलिक पालकाची इच्छा असते. शेजारी उभ्या असलेल्या हिंदू किंवा मुस्लिम पालकाला ‘फादरांच्या शाळेतली’ शिस्त हवी असते, चांगले इंग्रजी हवे असते. धर्माच्या तासाशी त्याला देणेघेणे नसते. शाळेने दोघांचे समाधान करायचे कसे?

राष्ट्रीय बालहक्क संरक्षण आयोगाच्या २०२१ च्या अहवालानुसार ख्रिस्ती संस्थांच्या शाळांतले सुमारे ७४ टक्के विद्यार्थी अल्पसंख्य समाजांबाहेरचे आहेत. म्हणजे कॅथॉलिक शाळेत कॅथॉलिक मूलच अल्पसंख्य. अनेक शाळांनी यावर जुनाच तोडगा चालू ठेवला आहे: एका तासाला कॅथॉलिक मुले धर्मशिक्षणाला जातात, बाकीची मूल्यशिक्षणाला. कायद्याचा अडसर नाही. राज्यघटनेचे कलम ३० अल्पसंख्याकांना आपल्या शाळा चालवण्याचा हक्क देते. कलम २८ सांगते की मान्यताप्राप्त किंवा अनुदानित शाळेत कोणालाही, अज्ञान मुलाच्या बाबतीत पालकाच्या संमतीवाचून, धर्मशिक्षणात सहभागी व्हायला लावता येणार नाही. दोन्ही कलमे एकत्र वाचली तर वाट स्वच्छ दिसते.

तरी समाजात कुरबुर आहे. शाळा आता ‘फादरांच्या’ राहिल्या नाहीत, निकाल आणि फी यांतच गुंतल्या, असे जुने लोक म्हणतात. त्यांचे म्हणणे सहज झटकण्यासारखे नाही. पहाटे लोकल पकडून मुंबईला जाणारे आणि रात्री परतणारे आईवडील मुलाला किती वेळ देणार? संध्याकाळची रोझरी कितीतरी घरांतून सुटली. रविवारी मिस्सेनंतरचा धर्मशिक्षणाचा तासही क्लास आणि क्रिकेट यांच्या चढाओढीत मागे पडतो. अशा मुलाला आठवड्याचे पाच-सहा दिवस शाळाच भेटते. तिथेही ख्रिस्त भेटला नाही, तर दृढीकरण संस्काराच्या दिवशी त्याच्या हाती नवे कपडे आणि फोटो यांपलीकडे काय उरणार?

हे सगळे पटते. पण याच मातीचा इतिहास वेगळी साक्ष देतो. १७३९ मध्ये चिमाजीअप्पांनी वसई जिंकली, पोर्तुगीज सत्ता गेली आणि किल्ल्यातले जेझुइटांचे महाविद्यालय ओस पडले. त्याचे अवशेष आजही उभे आहेत. राजाश्रय संपला, मोठी विद्यालये गेली, तरी इथल्या गावांतली श्रद्धा टिकली. स्थानिक धर्मगुरूंनी आणि त्याहून अधिक घरच्या बायकांनी ती टिकवली. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ च्या शिक्षणविषयक जाहीरनाम्यात आईवडिलांनाच मुलांचे पहिले आणि मुख्य शिक्षक मानले. शाळेचे स्थान त्यानंतरचे. घराने सोडून दिलेली जबाबदारी शाळेवर टाकणे चर्चच्या शिकवणीतच बसत नाही.

मग शाळेने काय करावे? फेब्रुवारी २०२४ मध्ये आसामात ख्रिस्ती शाळांतले पुतळे आणि क्रूस हटवण्याची मागणी झाली. त्याच वर्षी एप्रिलच्या सुमारास भारतीय कॅथॉलिक बिशपांच्या परिषदेने आपल्या शाळांना मार्गदर्शक सूचना दिल्या: सर्व धर्मांचा आदर करा, इतर धर्मीय मुलांवर ख्रिस्ती परंपरा लादू नका, प्रार्थनेच्या वेळी घटनेची उद्देशिका वाचा. सूचना चांगल्याच आहेत. इतर धर्माच्या मुलाला जबरदस्तीने हात जोडायला लावणे ख्रिस्ताच्याच शिकवणीविरुद्ध आहे. मात्र भीतीपोटी शाळेने भिंतीवरचा क्रूस झाकावा, नाताळचे नाटक बंद करावे, हे मला मान्य नाही. ज्यांना ही शाळा हवी आहे, त्यांनी तिची ओळख पाहूनच मुलाला घातलेले असते. आपली ओळख मोकळेपणाने सांगणारी शाळाच दुसऱ्याच्या श्रद्धेला खरी जागा देऊ शकते.

वसईत आणखी एक गाठ आहे, भाषेची. इथला बहुसंख्य कॅथॉलिक समाज मराठी. त्याची मिस्सा मराठीत, गाणी मराठीत. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या ‘सुबोध बायबल’ला २०१३ चा साहित्य अकादमीचा अनुवाद पुरस्कार मिळाला, तो याच परंपरेचा गौरव होता. इंग्रजी माध्यमात गेलेले मूल मात्र इंग्रजी प्रार्थना शिकते आणि आजीच्या रोझरीत त्याला उत्तर देता येत नाही. श्रद्धा पिढीकडून पिढीकडे जाते ती घरच्या भाषेतून. इंग्रजी माध्यमाच्या शाळांनीही धर्मशिक्षणाचा तास मराठीत घेतला तर घर आणि शाळा पुन्हा जोडली जातील. खर्च काहीच नाही, इच्छा हवी.

मूल्यांची खरी परीक्षा मात्र प्रवेशाच्या यादीत होते. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१४ च्या प्रमती निकालाने अल्पसंख्याकांच्या शाळांना शिक्षणहक्क कायद्यातून वगळले, त्यामुळे दुर्बल घटकांसाठी पंचवीस टक्के जागांचे बंधन त्यांच्यावर आले नाही. आयोगाचा वर सांगितलेला अहवाल म्हणतो की सर्व अल्पसंख्याक शाळांत मिळून वंचित घटकांतली मुले ८.७६ टक्के आहेत. या शाळा कायद्याखाली आणाव्यात हा आयोगाचा आग्रह होता, म्हणून आकडा जपून वाचावा. पण तो बोचायलाच हवा. गरिबांसाठी शाळा काढणाऱ्या सिस्टर्स आणि फादर यांचा वारसा सांगणाऱ्या संस्थेत वसईच्या पूर्वपट्टीतल्या आदिवासी पाड्यावरच्या मुलीला जागा नसेल, तर मूल्यशिक्षणाच्या तासाला मुलांनी काय ऐकायचे? शिपायाला नावाने हाक मारून मानाने वागवणारे मुख्याध्यापक आणि कमी पगारावर राबवलेल्या कंत्राटी शिक्षिका, या दोन्हींतून मुले शिकत असतात, आणि पाठ्यपुस्तकापेक्षा लवकर शिकतात.

कायद्याची सक्ती येण्याची वाट न पाहता कॅथॉलिक शाळांनी आपणहून चौथा हिस्सा जागा गरीब मुलांसाठी, कोणत्याही धर्माच्या, राखून ठेवाव्यात. धर्मशिक्षणासाठी प्रत्येक पालकाची लेखी संमती घ्यावी. आणि कॅथॉलिक आईवडिलांना विनंती एवढीच की आठवड्यातून निदान दोन संध्याकाळी टीव्ही बंद करून मुलांबरोबर प्रार्थनेला बसा. ते काम शाळा तुमच्यासाठी करू शकणार नाही.