पोच कोण देणार?

सरकारी पोर्टलला तुमचा फोटो हवा असतो पन्नास केबीच्या आत. सही वीस केबीत. दाखला पीडीएफच हवा आणि तोही ठरल्या मापाचा. मोबाइलने काढलेला साधा फोटो तीन-चार एमबीचा, म्हणून माणूस सेवा केंद्रात जातो, पैसे मोजून उताऱ्याचा आकार कमी करून घेतो. आकडे पुसट होतात, शिक्का वाचता येत नाही. मग शेरा येतो: ‘दस्तऐवज अस्पष्ट, अर्ज नामंजूर.’ अस्पष्ट कुणी केला? ज्याने मापाची अट घातली त्यानेच ना?

इतकं करून अर्ज गेलाच, तर त्याची छापील प्रत काढा, सही करा, स्कॅन करून पुन्हा चढवा आणि मूळ कागद कार्यालयात नेऊन द्या. याला म्हणे कागदविरहित प्रशासन.

२०२०च्या डिसेंबरात राज्यातल्या १४ हजारांहून अधिक ग्रामपंचायतींचे उमेदवारी अर्ज संगणकावरून भरायचे होते. मुदत संपत आली, सर्व्हरने मान टाकली आणि राज्य निवडणूक आयोगाला कागदी अर्ज घ्यायची मुभा द्यावी लागली. २०२२च्या डिसेंबरात पुन्हा ग्रामपंचायती, पुन्हा तीच कोंडी, पुन्हा कागद. गावात पॅनेल शेवटच्या रात्रीपर्यंत ठरत नाही, सगळे अर्ज शेवटच्या दोन दिवसांत येतात. गावातल्या शेंबड्या पोराला ठाऊक असलेली ही गोष्ट यंत्रणा उभारणाऱ्या विद्वज्जनांना दोनदा तोंडावर आपटूनही कळू नये?

निवडणुकीत निदान उमेदवारांचा आरडाओरडा ऐकू येतो. व्यापाऱ्याचं कोण ऐकणार? १ जुलै २०१७ला जीएसटी आला. जुन्या करातली शिल्लक जमा नव्या खात्यात आणायला ‘ट्रान-१’ नावाचा अर्ज होता. पोर्टल अडलं आणि अनेकांचे अर्ज मुदतीत गेलेच नाहीत. २०१८च्या फेब्रुवारीत मुंबई उच्च न्यायालयाने खडसावलं की, पोर्टल सहज उघडत नसेल तर संसदेच्या खास अधिवेशनांना करदात्याच्या लेखी काही अर्थ नाही. त्यावर एप्रिलमध्ये परिपत्रक निघालं. तुम्ही प्रयत्न केल्याचा माग यंत्रणेच्या नोंदींत सापडला, तरच दिलासा. म्हणजे ज्याने दार उघडलं नाही, त्याच्याच वहीत तुम्ही दार ठोठावल्याची नोंद शोधायची! नोंद सापडली नाही तर खोटे तुम्ही. शेवटी २०२२च्या जुलैत सर्वोच्च न्यायालयाने आदेश दिला, तेव्हा कुठे पोर्टल दोन महिन्यांसाठी पुन्हा उघडलं. स्वतःच्याच पैशाची जमा मागायला पाच वर्षं!

हे अपघाताने होत नाही. माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० उघडून पाहा. कलम ६ सरकारदरबारी इलेक्ट्रॉनिक अर्जाला मान्यता देतं आणि कलम ९ लगेच बजावतं की, ‘माझा दस्तऐवज इलेक्ट्रॉनिक स्वरूपातच घ्या’ असा आग्रह धरण्याचा हक्क यातून कुणालाही मिळत नाही. सरकारने ऑनलाइनची सक्ती करावी, तुम्ही ती सरकारवर करायची नाही. हा समतेचा कुठला प्रकार?

जुन्या कचेरीत आवक-जावक टेबलावरचा कारकून कितीही आढ्यताखोर असला, तरी दुसऱ्या प्रतीवर शिक्का मारून तारीख टाकायचा. त्या पोचेच्या बळावर माणूस वरिष्ठापुढे, वेळ पडली तर न्यायाधीशापुढे उभा राहायचा. आज पडद्यावर एक चक्र फिरत राहतं, मग सेशन संपल्याचा संदेश येतो, भरलेलं सगळं पुसलं जातं. ना क्रमांक, ना वेळ, ना शिक्का. पोर्टल बंद पडलं हे सिद्ध करायला नागरिकाने पडद्याचे फोटो काढून जपायचे आणि साहेबांनी ते ग्राह्य नाहीत म्हणायचं. मुदतीचं घड्याळ मात्र चालूच. ते थांबवायला वरून मेहेरबानीचा आदेश यावा लागतो, तोही पुष्कळदा शेवटच्या दिवशी.

तंत्रज्ञानाला हे जमत नाही, ही थाप आहे. फसलेल्या यूपीआय व्यवहारालाही क्रमांक मिळतो. सप्टेंबर २०१९मध्ये रिझर्व्ह बँकेने बँकांना बजावलं की, अशा व्यवहाराचे पैसे ठरल्या मुदतीत परत गेले नाहीत, तर ग्राहकाला दिवसाला १०० रुपये भरपाई द्या, त्याने तक्रार करायची वाट न बघता. हाच नियम प्रत्येक सरकारी खात्याला लावा. फसलेल्या प्रत्येक प्रयत्नाची क्रमांकासह, वेळेसह पोच द्या, पोर्टल जितके तास बंद तितकी मुदत आपोआप वाढवा आणि भरपाई त्याच खात्याच्या अंदाजपत्रकातून कापा.