शस्त्रक्रियेनंतरचे नऊ महिने

चढाईवर गेलेला खेळाडू मध्यरेषेकडे परतताना एकाएकी वळतो. पाऊल जमिनीत रोवलेले राहते, धड तेवढे फिरते आणि गुडघ्यात कट्‌कन आवाज होतो. सूज आठवड्या-दोन आठवड्यांत ओसरते. 'मुरगळला होता, उतरला' असे म्हणत पोरगा पुन्हा मैदानात उतरतो, आणि खरी हानी बहुधा तेथून सुरू होते. मांडीचे हाड व नडगी यांना सांध्याच्या आत तिरपे बांधून ठेवणारा अस्थिबंध तुटला, तर तो आपणहून सहसा नीट सांधत नाही. डळमळत्या गुडघ्यावर खेळत राहिल्यास आतील कूर्चेची गादीही फाटते.

रुग्णाच्याच मांडीमागचा किंवा गुडघ्याच्या वाटीखालचा स्नायुबंध घेऊन नवा अस्थिबंध घडविण्याची शस्त्रक्रिया आता दुर्बिणीने होते. कुस्तीगीर विनेश फोगट हिच्यावर ऑगस्ट २०२३ मध्ये ती मुंबईतच झाली. वर्ष भरण्यापूर्वी तिने पॅरिस ऑलिंपिकची अंतिम फेरी गाठली. परंतु या यशाचे सारे श्रेय शल्यवैद्याच्या हातांना देणे हा भाबडेपणा होय. बसविलेल्या तुकड्यात नवा रक्तपुरवठा रुजून तो बळकट होण्यास कित्येक महिने लागतात. वेदना मात्र फार आधी थांबते. तीच फसगत. नॉर्वेतील रुग्णांच्या २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत, मैदानावर परतणे नऊ महिन्यांपर्यंत लांबविले असता दर महिन्यागणिक पुन्हा दुखापत होण्याचे प्रमाण सुमारे निम्म्याने घटलेले दिसले. स्वीडनमधील २०१० च्या चाचणीत तर केवळ व्यायामोपचाराने सुरुवात केलेल्या तरुणांपैकी निम्म्याहून अधिकांना दोन वर्षांत शस्त्रक्रिया करावीच लागली नाही.

आपल्याकडे मात्र कर्ज काढून शस्त्रक्रिया होते आणि व्यायामोपचार कागदावरच्या चार ओळींत उरकतो. तालुक्याच्या गावाहून आठवड्यातून दोनदा शहर गाठायचे, तर भाडे आणि बुडालेली मजुरी कोणी सोसावी? त्यात शासकीय नोकरीतील खेळाडूंच्या पाच टक्के राखीव जागांवर ज्याची भिस्त, त्याला एक हंगाम चुकविणे म्हणजे वय निसटणे वाटते. अशा मुलाला 'धीर धर' म्हणणे सोपे आहे.

क्रीडासंकुलांच्या इमारतींवर खर्च होतो. तेथे व्यायामोपचारतज्ज्ञाची कायम नेमणूक ही चैन नव्हे. शाळांतही सरावाआधी पंधरा-वीस मिनिटे उडी मारून गुडघा मुडपून उतरण्याचे, तोल सावरण्याचे व्यायाम घेतल्यास या दुखापती घटतात, हे अनेक देशांत सिद्ध झाले आहे. मुलींना हा धोका मुलांहून कितीतरी अधिक. पण शारीरिक शिक्षणाचा तास कापून गणिताचा जादा तास घेण्याची आपली रीत जुनीच आहे.