आटे गेले म्हणून चेंबर बदलू नका

परवा सर्व्हिसिंगहून आणलेल्या बाइकखाली सकाळी तेलाचा डाग दिसला. ऑइल काढायच्या बोल्टचे आटे गेले होते, आणि मेकॅनिकने टेफलॉन टेप गुंडाळून तो तसाच दामटवला होता. विचारलं तर म्हणे, "साहेब, चालेल. नाहीतर चेंबर बदलावं लागेल."

मला दोन्ही मान्य नाही. काटई-कर्जत रस्त्यावर हा बोल्ट सुटला तर तेल सरळ मागच्या टायरवर येणार. आणि तेल आटे अडवतच नाहीत हो, अडवतो तो बोल्टच्या डोक्याखालचा वॉशर! आट्यांनी तो दाबून धरायचा. पकडच नसेल तर टेप काय करणार? एम-सीलचंही तेच.

यावरचा इलाज जुना आहे. हेलिकॉइल, म्हणजे स्टेनलेस तारेची स्प्रिंग. दुसऱ्या महायुद्धातल्या विमानांच्या इंजिनांतही ती वापरली गेली. माझा बोल्ट १२ एमएमचा, पिच १.५. किटमधल्याच ड्रिलने भोक मोठं करायचं, टॅपला भरपूर ग्रीस लावून (कीस त्यात चिकटतो) अर्धा फेरा पुढे, पाव फेरा मागे असे नवे आटे पाडायचे आणि स्प्रिंग आत फिरवायची. टॅप सरळ धरणं हेच खरं काम. मी पहिल्या वर्षी वर्कशॉपमध्ये जर्नल उतरवून काढलं होतं, त्याची शिक्षा इथे मिळाली. घाई केली तर टॅप आत मोडतो आणि मग खरंच चेंबर बदला!

स्प्रिंगची शेपटी शेवटी तोडावी लागते. ती स्टेनलेस असल्याने लोहचुंबकावर भरवसा नको, तोडतानाच चिमट्यात धरा. नंतर थोडं तेल ओतून आतला कीस धुऊन काढा.

आटे जातात का? चेंबर अॅल्युमिनियमचं, बोल्ट पोलादी, आणि आपल्याकडे 'अजून थोडं टाइट' हा धर्म. बोल्ट हाताने दोन-तीन फेरे बसला नाही तर पान्याला हातच लावू नये.

ब्रेक कॅलिपर किंवा चाकाच्या एक्सलवर मात्र मी हा प्रयोग करणार नाही. तिथे नवा पार्ट किंवा लेथवाला. शेजारी अंबरनाथला १९५३ मध्ये मशीन टूल प्रोटोटाइप फॅक्टरी उभी राहिली, एमआयडीसीही आहे, तेव्हा या पट्ट्यात चांगल्या टर्नरचा तोटा नाही.

असो. बाइकखाली ठेवलेला पुठ्ठा आठवडाभर कोरडा आहे. किटमध्ये काही कॉइल उरल्यात, बदलापुरात कुणाला लागल्या तर सांगा.